दाराची वर्दी

आमचा किल्ला लढून कुणीच घेतला नाही, असं आम्ही गाईड लोक छाती फुगवून सांगतो. मग आवाज खाली आणायचा. वेढा पडला, कोठारं उघडली, आणि धान्याची म्हणून वर नेलेली पोती मिठाची निघाली. उपाशी माणसांनी आतून दरवाजा उघडला. ऐकणारे हळहळतात. कुठं थांबलं की हळहळतात, हेसुद्धा मला मामांनीच शिकवलं होतं.

मामा म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने गाईड; नात्यानं माझे कुणी नाहीत. वाळूजच्या कारखान्यातली नोकरी गेल्यावर मी बजाजनगरहून येऊन तिकीटखिडकीपाशी नुसता उभा राहायचो, तेव्हा त्यांनी मला हाताशी धरलं. खाल्ल्या घरचे वासे मोजायला मला दोन वर्षं पुरली. सहलीची बस आली की मास्तर उतरल्या उतरल्या मामांनाच विचारायचे. बोलायचो मी त्यांच्यापेक्षा चांगलं. पण माझ्या वाट्याला उरलेसुरले, तेही माझ्याकडं पाठ करून फोटो काढणारे. फार जळायचो मी.

आणि मामांना दिसत नव्हतं. हे फक्त मला ठाऊक होतं, कारण त्यांनीच सांगितलं होतं. "काचबिंदू हाय. कुणाला बोलू नको, हाकलून देतील. पावलं पाठ हायेत मला." खरंच पाठ होती. भुयारातल्या काळोखात तर ते आम्हा डोळसांच्या पुढं चालायचे, आणि लोक त्यांच्या धाडसाचं कौतुक करायचे.

आमच्यात एक रिवाज आहे. सकाळी जो पहिला येईल त्यानं किल्ल्यात फेरी मारून बाकीच्यांना वर्दी द्यायची, कुठं आग्या मोहोळ बसलंय, कुठली पायरी निखळलीय. त्या दिवशी पहिला मी आलो. पहिल्या दरवाजाची खिळ्यांची दोन्ही कवाडं दुरुस्तीसाठी उतरवून बाजूला भिंतीला लावली होती. चहाच्या टपरीवरून ते समोरच दिसत होतं, त्यामुळं बाकीच्यांना सांगायची गरज नव्हती.

मामा आले. "काय वर्दी?"

"बुरजावर मोहोळ बसलंय. तिकडून जाऊ नका."

"अजून?"

"काय नाय."

तासाभरानं सहल आली. मामा मोजून पावलं टाकत दरवाजाशी थांबले आणि काठी उचलली. "हे खिळे बघा. हत्तीनं धडक दिली तर त्याचंच डोकं फुटायचं."

समोर रिकामी कमान. एक मुलगी म्हणाली, "पण दार कुठंय?"

"तुझ्या नाकासमोर हाय की गं!" मामा हसले. पोरं त्यांच्याहून मोठ्यानं हसली. मग नेहमीसारखी काठी खिळ्यावर ठणकन वाजवायला ते पुढं झाले, तोल गेला, आणि दगडी उंबऱ्यावर तोंडावर पडले. मास्तर मोबाईलवर शूटिंग घेत होते. मी टपरीवर चहा पीत होतो. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू?

आंधळ्याच्या भरवशावर पोरं सोडायची का, म्हणत किल्ल्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी त्यांना तेव्हाच घरी पाठवलं. ती सहल मला मिळाली. उंबऱ्यावरचं रक्त कुणीतरी पाणी टाकून धुतलं आणि मी पुढचं बोललो. चांगलं बोललो.

आठवड्यानं मी त्यांच्या घरी गेलो. त्यांना माझा संशय आलाय का, एवढंच बघायचं होतं. वरच्या ओठाला टाके होते. मामी चहा ठेवायला आत गेल्या. मामा म्हणाले, "कवाडं काढलेली तुलाबी दिसली नसतील."

सुटका आयती चालून आली. मी ती घेतली. "नाय दिसली, मामा."

चाचपडत त्यांनी माझा हात धरला. "एवढी मोठी कवाडं दिसली नाय? मग डोळे दाखव बाबा कुणाला तरी. माझंबी असंच सुरू झालं व्हतं. मी लई उशीर केला."

आणि मामींना हाक मारून त्यांनी आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता मला लिहून द्यायला लावला.