वाढत्या अंगाचं माप

"श्वास सोड. पोट आत घेतलेलं मला कळतं."

उज्जैनमधल्या फ्रीगंजच्या मागच्या गल्लीत काकूंकडे शाळेचा गणवेश शिवून घेतलेल्या प्रत्येक मुलाने हे वाक्य ऐकलेलं आहे. काकूंची टेप कमरेभोवती आली की पोरं आपोआप पोट आत घ्यायची. काकू टेप तशीच धरून थांबायच्या. शेवटी पोर हसायचं, पोट सुटायचं आणि मग काकू वहीत आकडा लिहायच्या.

काकूंचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनचं. आवाज देवास गेट बसस्टँडवरच्या कंडक्टरला लाजवेल असा. त्यांच्या मराठीत हिंदी इतकी मुरलेली, की अकोल्याहून बँकेत बदली होऊन आलेल्या मला सुरुवातीला हसूच यायचं. "नाप देऊन जा, परसों ट्रायल," असं त्या म्हणायच्या. वर्षभरात मीही घरात मापाला 'नाप' म्हणायला लागले.

तुम्ही म्हणाल, गणवेश शिवणाऱ्या बाईत एवढं सांगण्यासारखं काय असतं? नर्सरीच्या कपड्यांना त्यांनी गळ्याशी कधी नाडी लावली नाही. घसरगुंडीवर अडकते म्हणून. बटण दोनदा टाचायच्या आणि दाताखाली धरल्यासारखं ओढून बघायच्या. "ये उम्रच बटन खायची असते," म्हणायच्या. मुली स्कूटी चालवायला लागल्या की त्यांच्या ओढण्या दोन्ही खांद्यांवर पक्क्या शिवून टाकायच्या. फॅशन जाते म्हणून मुली कुरकुरायच्या.

"फॅशन गेली तर परत येईल. ओढणी चाकात गेली तर?" एवढं विचारून काकू सुई चालवायच्या.

जरा मोठी झालेली मुलगी समोर उभी राहिली, की टेप लावण्याआधी त्या विचारायच्या, "नाप घेऊ का, बेटा?" मी एकदा म्हटलं, "काकू, त्यात विचारायचं काय?"

"मी विचारलं, तरच तिला कळेल ना की विचारायचं असतं. कल कोई बिना पूछे हात लगाएगा, तो चिल्लाएगी."

 

माझी मुलगी तिसरीत गेली तेव्हाची गोष्ट. मी मोठ्या रुबाबात काकूंना सांगितलं, "स्कर्ट गेल्या वर्षीचाच होतोय. शर्ट तेवढे दोन शिवा." काकूंनी तरीही तिचं सगळं माप घेतलं, वहीची मागची पानं चाळली, पुन्हा टेप लावली.

"कपडा टिकला असं नाही, बाई. बच्ची थांबली आहे."

दोन वर्षांत उंची जवळजवळ तिथल्या तिथे होती. पोट वाढलं होतं आणि दंड बारीक झाले होते. "डॉक्टरला दाखवा," काकू म्हणाल्या.

दुकानात चार बायका उभ्या होत्या. माझ्या मस्तकात तिडीक गेली. "आमच्याकडे सगळे बुटकेच आहेत. तुम्ही कपडे शिवा," असं म्हणून मी मुलीचा हात धरून बाहेर पडले आणि शर्ट दुसरीकडे शिवायला टाकले. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. पोर दमते, खेळायला जात नाही, हे मला दिसत होतंच. मी तिला आळशी म्हणत होते.

आठवड्याभराने काकू बँकेत आल्या. टोकन घेऊन माझ्या खिडकीच्या रांगेत बसल्या. नंबर आल्यावर त्यांनी काचेखालून एक कागद सरकवला. त्यावर माझ्या मुलीची नर्सरीपासूनची सगळी मापं, वर्षवार, सुबक अक्षरात लिहिलेली होती.

"मशीन बंद करून आलेय. मेरे पे गुस्सा करा, भरपूर करा. पण हा कागद डॉक्टरला दाखवा. दाखवाल ना?"

माझ्या मुलीसाठी त्या माझ्याच हातापाया पडत होत्या. मला मान वर करवेना.

डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला. "हे कोणी लिहिलं?"

"आमच्या कपडे शिवणाऱ्या काकूंनी."

आधी रक्ताची तपासणी झाली, मग इंदूरला मोठी तपासणी. तिला गहू सोसत नव्हता. गव्हाने आतड्याला इजा होत होती, त्यामुळे खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. आणि मी रोज तिच्या मागे लागून तूप लावलेल्या दोन पोळ्या तिच्या पोटात घालत होते! तिला आळशी म्हटल्याचं आणि त्या पोळ्यांचं मला अजून वाईट वाटतं.

गव्हासाठी नावाजलेल्या माळव्यात राहून आमच्या घरातून गहू गेला. अकोल्याची ज्वारीची भाकरी परत आली, भात आला, मका आला. शाळेत कोणी प्रेमाने पराठा भरवू नये म्हणून काकूंनी डब्याच्या पिशवीवर लाल दोऱ्याने मोठ्या अक्षरांत भरून दिलं, 'गेहूं नहीं'. दर तीन महिन्यांनी त्या माप घ्यायला बोलवायच्या. पहिल्यांदा उंची वाढलेली दिसली तेव्हा "पाऊण इंच!" अशी आरोळी सगळ्या गल्लीने ऐकली.

"हे कळतं कसं हो तुम्हाला?" मी विचारलं.

"मी कुठे डॉक्टर? मैं तो बस नापती हूँ," त्या म्हणाल्या.

काकू जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्या जागी तयार गणवेशांचं दुकान आलंय. तिथे मुलाकडे न बघता अठ्ठावीस नंबर, तीस नंबर असं काढून देतात.

मला काकू आठवतात त्या मुलगी बारावीत असतानाच्या. निरोप समारंभासाठी तिला साडीवर ब्लाउज शिवायचं होतं. काकूंचे गुडघे पार गेले होते, मापं खुर्चीत बसूनच घ्यायच्या. त्या दिवशी मात्र उठल्या. हात काही तिच्या खांद्याला पोचेना. पोरगी त्यांच्यासाठी पटकन वाकली.

"वाकायचं नाही!" काकू कडाडल्या. "एवढी वर्षं काय वाकायला वाढवली तुला?"

आणि त्या स्टुलावर चढल्या. मी घाबरून स्टूल धरलं. खांद्यावर टेप ठेवून काकूंनी दुकानातल्या बायकांकडे वळून बघितलं.

"बघा हो! ही मी वाढवलेली पोरगी!"

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून खाली उभी होते.

"हो," मी म्हटलं, "यांनीच वाढवली."