नवव्या मजल्याखाली जप्त केलेला वस्तरा

नोकरीत शेकडो वस्तू जप्त केल्या. एक वस्तरा मात्र निवृत्तीनंतरही डोळ्यांसमोरून हलत नाही.

आधी माझं सांगतो. आठवीत शाळा सुटली आणि मामाने मला कऱ्हाडकडच्या गावातून सिंगापूरला आणलं. पुढे नागरिकत्व मिळालं, इथल्या तरुणांना सक्तीची असलेली राष्ट्रसेवा पोलिसात झाली आणि साहेबांनी तिथेच ठेवून घेतलं. आठवी शिकलेल्या माणसाला या देशाने वर्दी दिली, हे उपकार मी विसरलो नाही. पण काही चुकलं तर वर्दी जाईल ही धास्तीही कधी गेली नाही. म्हणून प्रत्येक काम नियमावर बोट ठेवून करायचो.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. चोआ चू कांग वस्तीत सरकारी घरांच्या एका ब्लॉकखाली कॉफीचा स्टॉल चालवणाऱ्या चिनी आंटीने मला एका गुरुवारी हाक मारली, इथल्या सगळ्यांसारखं वाक्यामागे 'लाह' लावत.

"सार्जंट, तो बघ ना, लाह! तीन दिवस येतोय. एक कॉफी घेतो आणि वर बघत बसतो. कॉफी गार, तोंडही गार. माझी गिऱ्हाइकं पळवणार हा!"

माणूस तिशीचा, गोरा, दाढी गुळगुळीत. नजर नवव्या मजल्यावर. तिथे रशियातल्या चेचन्याचा एक म्हातारा मुलीकडे राहत होता. मुलगी हार्बरफ्रंटला शिपिंग कंपनीत नोकरीला. तिने पूर्वीच पोलीस ठाण्यात येऊन सांगून ठेवलं होतं : तिकडच्या युद्धात वडील बंडखोरांचे कमांडर होते. सरकारला जाऊन मिळालेल्या सख्ख्या चुलतभावाला त्यांनी गोळी घातली. तेव्हापासून घराचे दोन तुकडे झाले आणि दोन्हीकडची माणसं मरत राहिली. मेलेल्याचा धाकटा भाऊ आता तिथे सत्तेत होता आणि त्याचं सगळं राजकारण या वैरावर चालायचं. "कोणी शोधत आलं तर सांभाळा," एवढंच तिचं म्हणणं.

मी त्या माणसाचा पासपोर्ट पाहिला. आडनाव म्हाताऱ्याचंच. पिशवी उघडली तर फडक्यात गुंडाळलेला जुना, हाडाच्या मुठीचा वस्तरा, धार लावलेला. सार्वजनिक जागी हत्यार बाळगलं म्हणून ताब्यात घेतला, पंचनामा केला, ठाण्यात आणला.

चौकशीत तो मोडकं इंग्रजी बोलत होता.

"वरचा म्हातारा तुझा कोण?"

"माझ्या वडिलांना त्याने मारलं."

"वस्तरा कशाला?"

"दाढी करायला."

"तुझी तर केलेली आहे. पिशवीत वेगळं रेझरही आहे."

"माझी नाही. दुसऱ्याची."

"कुणाची?"

मी पाणी दिलं, चहा दिला, आवाज चढवला. शेवटी तो म्हणाला, "ऑफिसर, तुम्ही जे लिहाल ते आमच्या वकिलातीत जाईल. तिथून माझ्या काकाकडे. म्हणून नाही सांगणार."

माझ्या लेखी प्रकरण उलगडलं होतं. बापाचा खुनी, धारदार हत्यार, तीन दिवसांची पाळत. साहेबांनी पाठ थोपटली. देशात राहायचा व्हिजिट पास रद्द झाला आणि शुक्रवार संध्याकाळच्या विमानाने परत पाठवायचं ठरलं.

शुक्रवारी सकाळी म्हाताऱ्याची मुलगी धावत ठाण्यात आली.

"सर, काय केलंत हे? तो बाबांची दाढी करायला आला होता!"

मला कळेना. मग तिने सांगितलं. त्यांच्यात ज्याच्या हातून खून होतो तो केस-दाढी वाढवतो आणि मेलेल्याच्या मुलाची वाट पाहतो. मुलाने क्षमा केली तर तो स्वतःच्या हाताने त्याची हजामत करतो. तिथे वैर संपतं. हा मुलगा काकाला चोरून आला होता. बापाच्या मारेकऱ्याच्या घरात पाय ठेववत नव्हता, म्हणून आज नमाजानंतर म्हाताऱ्याने खाली येऊन बाकावर बसायचं, असं ठरलं होतं. तीन दिवस तो पाळत ठेवत नव्हता, मनाची तयारी करत होता. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ त्याने तिला घातली होती.

माझे वडील गेले तेव्हा मीही मुंडण केलं होतं. वस्तऱ्याने माणूस एखादी गोष्ट संपवतो, हे मला कुणी नव्याने सांगायला नको होतं.

"अर्धा तास द्या," ती हात जोडून म्हणाली. "बेड्या घालून न्या, चार पोलीस उभे करा. माझा भाऊ अजून तिकडेच आहे, सर. त्याच्यासाठी तरी."

"नियमात बसत नाही," मी म्हणालो.

बसत नव्हतंच. पण साहेबांची खोली दहा पावलांवर होती आणि मी विचारायलाही गेलो नाही. काल पाठ थोपटणाऱ्या साहेबांना आज 'माझा अंदाज चुकला' म्हणायचं, तेही शेवटच्या वर्षी, एवढी छाती मला झाली नाही.

विमान वेळेवर गेलं. तिकडे काकाने आवई उठवली की म्हाताऱ्याने समेटाला बोलावून पोराला पोलिसांच्या हवाली केलं. दोन महिन्यांत त्या मुलीच्या भावाला दारातच गोळ्या घातल्या. तो बस चालवायचा. युद्ध झालं तेव्हा तो पाळण्यात होता.

वस्तरा नियमानुसार नष्ट झाला. कागदपत्रांत माझी एकही चूक नाही.

लोक म्हणतात, अनुभवी पोलिसाला माणूस ओळखता येतो. मला त्या माणसाने खरं उत्तर दिलं होतं, आणि मी ते पुरावा म्हणून लिहून घेतलं. या प्रकरणाने मला शिकवलं असेल तर इतकंच, की भित्र्या माणसाच्या हातात नियम दिला की तो त्याच्याआड लपतो. शिकून उपयोग काय? तोवर नोकरी संपली होती.

मागच्या महिन्यात आंटीकडे कॉफी प्यायला गेलो होतो. म्हातारा बाकावर बसला होता. दाढी आता पोटापर्यंत आली आहे. मला पाहून त्याने छातीवर हात ठेवला, मान लववली. शेजारी मुलगी होती. मी तिला कसंबसं विचारलं, "तुमचे वडील माझ्याबद्दल काय म्हणतात?"

"राग नाही त्यांना," ती म्हणाली. "म्हणतात, त्याने हुकमाप्रमाणे केलं. लढाईत आम्हीही हेच म्हणायचो."