पिवळ्या रेघा

बागूल काका शाईची बाटली कानाशी नेऊन हलवायचे. नारळ हलवून पाहावा तशी. तळाशी गाळ असेल तर आवाज जड येतो, असं त्यांचं म्हणणं. शाई विकायला आलेला माणूस समोर ताटकळत उभा असायचा आणि काका डोळे मिटून त्याची बाटली ऐकत बसायचे. मग डोळे उघडून बहुतेकांना एकच शब्द ऐकवायचे, "निघा."

अंबडला आमचा फ्लेक्स छापायचा गाळा आहे. वाढदिवस, श्रद्धांजली, क्लासचे निकाल, दुकानांच्या पाट्या, सगळं दहा फुटी मशीनवर छापतो. मशीनवाल्या कंपनीची शाई परवडत नाही म्हणून आमच्या धंद्यातले बहुतेक जण बाहेरची शाई भरतात, आणि खरी गोम तिथेच आहे. बाहेरची शाई आधीच्या शाईशी जुळली नाही तर ती नळ्यांमध्ये दुधासारखी फाटते आणि शाई फवारणाऱ्या हेडची केसाहून बारीक भोकं बुजवून टाकते. एकदा हेड गेलं की मशीन भंगारात घालायच्या लायकीचं. म्हणून कुठली शाई घ्यायची हे आमच्याकडे शेठ ठरवत नसत. ते काका ठरवत.

काका मूळचे सटाण्याकडचे. उभी हयात आधी हाताने बोर्ड रंगवण्यात आणि मग या मशीनपाशी गेलेली. नवी शाई आली की ती जुन्या शाईत मिसळून बाटली दोन दिवस उन्हात ठेवायचे. छापलेल्या पट्ट्या गच्चीवर बांधून महिनाभरात रंग उडतो का पाहायचे. नखाने खरवडायचे. इतका चोख माणूस मी पाहिला नाही, आणि इतका दुष्टही.

एकदा मुंबईहून एक जण शाईचे नमुने घेऊन आला. नवी नोकरी, पांढराशुभ्र शर्ट, कपाळावर घाम. "काका, आमची शाई पुसली जाणार नाही," म्हणाला. काकांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "टाक मग शर्टावर. गेली नाय तर पाच लिटर घेतो." त्याला वाटलं गंमत आहे. काका हसले नाहीत. शेवटी त्या बिचाऱ्याने खरंच छातीवर मॅजेंटाचा थेंब टाकला आणि आमच्या मोरीत जाऊन साबणाने घासला. डाग तसूभर हलला नाही. तो आनंदाने परत आला तेव्हा काका म्हणाले, "शाई बरी हाय. पण जो स्वतःच्या शर्टावर टाकतो त्याच्याकडून मी घेत नाय. उद्या माझ्या मशीनवर पण टाकशील." आम्ही सगळे हसलो. मी जास्तच हसलो, कारण त्या दिवशी पाळी माझी नव्हती.

एरवी पाळी माझीच असायची. प्रिंटिंगचा डिप्लोमा करून मी त्यांच्या हाताखाली लागलो होतो, आणि त्या डिप्लोमावर त्यांचा भलताच राग. "तुझ्या शिक्षणाला घातले त्या पैशात बापाला म्हैस आली आसती. दूध तरी मिळालं आसतं," हे गिऱ्हाइकासमोर, शेठसमोर, एकदा तर माझ्या होणाऱ्या सासऱ्यांसमोर. मी रंग जुळवून पट्टी पुढे केली की ती न बघताच अहिराणीत विचारायचे, "हाई काय शे?" म्हणजे हे काय आहे, आणि बघितल्यावर पुन्हा तेच विचारायचे. चार वर्षं मी ते गिळलं. रंगाचं मला आज जे काही कळतं ते त्यांच्याच शिव्यांमधून कळलं, हेही खरं आहे आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

रोज सकाळी मशीन सुरू करताना चारही रंगांच्या बारीक रेघांची एक पट्टी छापतात. रेघ तुटली असेल तर तिथलं भोक बंद आहे असं समजायचं. पुढे पुढे काका ती पट्टी माझ्या नाकासमोर धरून विचारू लागले, "बोल, पिवळ्याच्या किती तुटल्यात?" मी मोजून सांगायचो. ते मान हलवायचे. मला वाटलं, परीक्षा घेतायत. पंधरा दिवस गेल्यावर माझ्या लक्षात आलं की काळ्या आणि निळ्या रेघांबद्दल ते कधीच विचारत नाहीत. एके दिवशी मी मुद्दाम दोन रेघा जास्त सांगितल्या. काकांनी मान हलवली आणि इरफानला हेड साफ करायला लावलं. इरफान आमचा मशीनवरचा ऑपरेटर, मालेगावचा.

मला उलगडा व्हायला वेळ लागला नाही. आदल्याच वर्षी माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्याआधी तिला पांढरी भिंत पिवळट दिसायची आणि पांढऱ्यावरचं पिवळं काही दिसायचंच नाही. डोळ्यावरची पट्टी काढल्यावर तिने पहिलं काय विचारलं, तर "घराला रंग कधी दिला?" काकांचं अगदी तेच चाललं होतं. सगळंच पिवळट दिसतं म्हणून ते पिवळा कमी करत, आणि बोर्डांवरचे चेहरे निळसर येऊ लागले होते. एका वाढदिवसाच्या बोर्डावरचे साहेब थंडीने काकडल्यासारखे दिसत होते. एक वाक्य बोलायचं होतं, "काका, डोळे दाखवून घ्या." ते मी सहा महिने बोललो नाही. मला त्यांची खुर्ची हवी होती.

सिंहस्थाची कामं येऊ लागली तेव्हा शेठ म्हणाले, उन्हापावसात टिकेल अशी एक निळी शाई कायमची ठरवून टाकू. मी शेठना बाजूला घेऊन सांगितलं, "काकांना आता रंग दिसत नाही. पटत नसेल तर माझ्यासमोर बघा." मग एकाच डब्यातली निळी शाई दोन बाटल्यांमध्ये भरली, दोन वेगळी लेबलं लावली, दोन पट्ट्या छापल्या. इरफान बघत होता. हळूच म्हणाला, "रहने दे ना, यार."

काकांनी दोन्ही बाटल्या कानाशी हलवल्या. पट्ट्या घेऊन बाहेर उन्हात गेले, परत आले, नखाने खरवडल्या. मग शेठना समजावून सांगू लागले. पहिली जरा हिरवी मारते, दुसरी खरी निळी. पहिली चार महिन्यांत उडेल, दुसरी वर्ष काढेल. चांगली दहा मिनिटं बोलले, मन लावून, कुणालाही शिवी न देता. इतकं सुंदर ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. शेठ मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. तेव्हा मी म्हणालो, "काका, दोन्ही एकाच डब्यातल्या आहेत."

"दोन्ही?" त्यांनी विचारलं. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला, पट्ट्या पुन्हा पाहिल्या. "दोन्ही," मी म्हणालो. कुणी दोन वेगळ्या म्हणून पुढे केल्या की धडधाकट डोळ्यांचा माणूसही त्यात फरक शोधून काढतो. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच तर ती परीक्षा मी निवडली होती. काकांनी जेवणाचा डबा उचलला, सायकलला अडकवला आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, मग कधीच आले नाहीत. आठवड्याभरात शेठनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. इरफान तेवढं एकदा म्हणाला, "परीक्षा कायको ली? दवाखाने ले जाता ना."

वर्षाने देवळाली कॅम्पच्या बसस्टॉपवर काका दिसले. चष्मा नव्हता. मी तोंड चुकवून निघणार, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली. मुलीकडे राहतो म्हणाले. एका शिबिरात डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. "दोन्ही डोळे झाले. अर्धा तास पण नाय लागला." समोर कुठल्याशा क्लासचा बोर्ड होता, आमच्याकडचाच. त्याच्याकडे बघून म्हणाले, "पिवळा कमी पडलाय." खरंच कमी पडला होता.

मग माझ्याकडे वळले. "तुला कधी कळलं?"

खोटं बोलायचं धैर्य झालं नाही. "रेघा विचारायचात तेव्हाच."

"म्हणजे लय आधी." मी वाट पाहत होतो, आता फुटतील, चारचौघांत माझ्या बापापर्यंत जातील. मला ते हवंही होतं.

"तुझ्या जागी मी आसतो ना," काका म्हणाले, "तर मी पण सांगितलं नसतं. चांगला शिकलास."

बस आली. पायरीवर त्यांना हात द्यावा असं वाटलं, पण त्यांना गरज नव्हती. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी माफी मागून मोकळा झालो असतो.