झुलेभाऊ जमिनीवर येतात

झुलेभाऊंशी बोलायचं असेल तर ते चौथ्या मजल्यावर असताना बोलावं, हे आमच्या राजापेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. दोन दोर, त्यांना बांधलेला पाट, पाटावर मांडी घालून बसलेले झुलेभाऊ आणि शेजारी लटकणारी रंगाची बादली, एवढा संसार भिंतीवर चढला की त्यांचा आवाज मोकळा व्हायचा. "ओ मास्तर, मागच्या चाकात हवा नाही तुमच्या!" असं ते वरून ओरडायचे आणि खाली तीन-चार मास्तर एकदम गाडी थांबवायचे. क्लासला निघालेल्या पोरींना, "बाई, रस्त्याकडं पाह्य जराक, मोबाइल का पळून चालला?" हाच माणूस संध्याकाळी खाली उतरून माझ्या रंगाच्या दुकानात आला, की त्याला काय हवंय ते मला दोनदा विचारावं लागायचं. ओठ हलायचे, ऐकू काही यायचं नाही. मी वैतागून म्हणायचो, "झुलेभाऊ, परत वर जा अन् तिथून सांगा." ते हसायचे. हसणंही बिनआवाजी.

त्यांचं खरं नाव मी बिलावर लिहीत असे, पण हाक मारताना झुलेभाऊच. झुल्यावर बसून उंच इमारतींना बाहेरून रंग देणं हे काम सगळेच पेंटर करत नाहीत. झुलेभाऊ दोराची गाठ स्वतः मारायचे आणि दुसऱ्या कोणाला तिला हात लावू द्यायचे नाहीत. डबा चार जणांत वाटून खातील, विडी अर्धी देतील, पण गाठ नाही. "माह्या गाठीनं मी पडलो त चालते," ते म्हणायचे, "दुसऱ्याच्या गाठीनं पडलो त जलमभर त्याच्याशी भांडा लागन." आता पडल्यावर जन्मभर कसे भांडणार होते, ते त्यांनाच ठाऊक.

जमिनीवर त्यांचा आवाज फुटायचा तो एकाच ठिकाणी, त्यांच्या वस्तीतल्या विहारात. एका बुद्धपौर्णिमेला त्यांनी मला खिरीला बोलावलं होतं. मी चपला काढून मागे बसलो, तर पुढे पांढऱ्या सदऱ्यात हेच गृहस्थ वंदना सांगत होते. ते एक ओळ म्हणत, सगळी वस्ती त्यांच्यामागून ती म्हणे. म्हाताऱ्या, मांडीवरची पोरं, नोकरदार, सगळे. इतका भरघोस, स्वच्छ आवाज की मी खीर विसरलो. वस्तीत कोणाचं भांडण असो, सोयरीक असो, "भाऊ काय म्हणते?" हे आधी विचारलं जायचं. भाऊंनी खोटं सांगितलं, असं कोणी म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. हे मोठं भांडवल आहे आणि त्याच्यावर कोणाची तरी नजर जाणार, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मग एके दिवशी दवाखान्याच्या भिंतीवर रंग देताना ती भिंतच फिरायला लागली. झुलेभाऊंनी पाण्याचा पाइप कवटाळला आणि डोळे मिटून बसून राहिले. साथीदारांनी पाट हळूहळू खाली सोडला. घरी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी परत चढले, परत तेच. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कानाच्या आत बिघाड आहे, उंची कायमची बंद. "कानाचा अन् उंचीचा का संबंध, सांगा बरं तुमी?" ते माझ्या दुकानाच्या बाकावर बसून विचारत होते. "मी कानानं रंग देतो का?" मला हसू आलं आणि त्यांचे हात पाहून थांबलं. हात मांडीवर नुसते ठेवलेले होते, काय करावं ते न कळल्यासारखे.

त्या बाकावर कामाची वाट पाहणारे पेंटर सकाळी बसतात. त्यांनी लगेच झुलेभाऊंचं पुढचं आयुष्य ठरवायला घेतलं. आतल्या खोल्या रंगवाव्यात तर तिथेही शिडी. ठेका घ्यावा तर वरचं काम तपासायला वर जावं लागतं. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं: प्रॉपर्टी. आमच्याकडे हल्ली ज्याला काही जमत नाही त्याला प्रॉपर्टी जमेल असं लोकांना वाटतं. "त्यात का करा लागते? निस्तं बोला लागते," एक जण म्हणाला. मी झुलेभाऊंकडे पाहिलं. ते काहीतरी बोलले. काय ते ऐकू आलं नाही.

सुरुवात खोल्यांपासून केली. राजापेठेत क्लाससाठी बाहेरगावची पोरं येतात, त्यांना खोल्या मिळवून द्यायच्या. काम जमिनीवरचं, ओळखीच्या गल्ल्या, मला वाटलं जमेल. महिनाभरही टिकले नाहीत. एक दिवस येऊन बाकावर बसले आणि म्हणाले, "घरमालक पयले इचारते, पोरगं कोनाचं हाय? कोन्या समाजाचं? नाही जमत म्हटलं त मीच पोराले सांगाचं, खोली भरली म्हनून." मग म्हणाले, "मी कोनाचा हाव, ते नाही इचारत कोनी. चहा देते." ते काम त्यांनी सोडलं. सोडताना एका शब्दानेही कोणाला दोष दिला नाही, याचा मला जास्त राग आला.

मग ज्या बिल्डरच्या इमारती त्यांनी आयुष्यभर बाहेरून रंगवल्या, त्यानेच त्यांना बोलावलं. नव्या इमारतीत गिऱ्हाइकांना फ्लॅट दाखवायचे. झुलेभाऊंनी नवा शर्ट शिवून घेतला, बूट घेतले. पहिल्याच दिवशी कळलं की नमुन्याचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर आहे आणि त्याची खरी शान म्हणजे गॅलरी. ज्या उंचीपासून पळून आले ती लिफ्टने परत समोर आली! झुलेभाऊंनी युक्ती काढली. गिऱ्हाइकांना गॅलरीत धाडायचं आणि आपण हॉलच्या भिंतीला पाठ टेकवून उभं राहायचं. "तुमी पाहा निवांत. मी अठीच हाव."

काही दिवस निभावलं. मग बडनेऱ्याचं एक कुटुंब आलं, सोबत त्यांची आजी. सगळे गॅलरीत गेले, आजी मात्र दारात थांबून झुलेभाऊंना न्याहाळत राहिली. "तू काहून नाही येत रे बाबा?"

"मी पाह्यली हाय, आजी."

"आमी बी पाह्यतो, पन तू ये ना संगं."

झुलेभाऊंनी पाऊल उचललं आणि परत भिंतीला लावलं. कपाळावर घाम. आजीने एकदम नातसुनेचा हात धरून तिला आत ओढलं. "अवं निघा सगळे भायेर! इकनारा सोता पाय ठेवत नाही त्या गॅलरीत!" ते कुटुंब जिन्यानेच उतरलं, लिफ्टवरही त्यांचा विश्वास उरला नव्हता. आणि आठवडाभरात गावात झालं की त्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या कच्च्या आहेत. गॅलऱ्या चांगल्या भक्कम होत्या. कच्चा होता तो एका माणसाचा कान, पण हे कोणाला सांगणार? हा किस्सा मी कितीतरी जणांना रंगवून सांगितला आहे, आणि दर वेळी लोक पोट धरून हसले आहेत.

बिल्डर हसला नाही आणि रागावलाही नाही. त्याने झुलेभाऊंना नोकरीवरून काढलं असतं तर बरं झालं असतं असं मला आज वाटतं. त्याने त्यांना जमिनीवर आणलं. मोझरीच्या अलीकडे, हायवेपासून बरंच आत त्याने एक ले-आउट टाकला होता, म्हणजे शेताचे प्लॉट पाडले होते. वावरात मुरमाचे पट्टे ओढलेले, कोपऱ्याकोपऱ्यांत पिवळे दगड, मधोमध कमान. बस. पाणी येणार, डांबरी रस्ता येणार, मोझरीच्या आश्रमाला येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे सगळा भाग वाढणार, असं तो सांगायचा. आणि त्याने झुलेभाऊंना सांगितलं, "भाऊ, तुम्ही अनोळखी माणसाच्या मागे फिरूच नका. तुमच्या वस्तीतच सांगा."

भिंत नाही, उंची नाही, जिना नाही. झुलेभाऊ खूश होते. शिवाय त्यांचा स्वतःचा विश्वास बसला होता, हे मी शपथेवर सांगेन. बिल्डर एक ओळ म्हणायचा आणि झुलेभाऊ त्याच्यामागून ती म्हणायचे. वस्तीतले लोक पाणी, रस्ता असलं काही विचारत नव्हतेच. ते एवढंच विचारायचे, "भाऊ, तू घेतला का?" झुलेभाऊ सांगायचे, "घेतला. मी तठीच घर बांधून राहीन." बिल्डरने कमिशनपोटी त्यांनाही एक तुकडा दिला होता. मग काय, रिक्षावाले, शाळेतले शिपाई, भाजी विकणाऱ्या सावित्रामावशी, सगळ्यांनी घेतले. पुढे-मागे सगळी वस्ती एकत्र तिथं राहायला जाऊ, विहार बांधू, असं ठरलं. माझ्या दुकानात येऊन हे सांगताना झुलेभाऊंचा आवाज पहिल्यांदाच एकदा विचारून ऐकू आला.

पाणी आलं नाही. रस्ताही आला नाही. बिल्डरचं ऑफिस दुसरीकडे गेलं आणि त्याचा फोन "थोड्या दिवसांत" एवढंच म्हणू लागला. वस्तीतलं कोणी झुलेभाऊंना उलटून बोललं नाही. विहारात वंदना सांगायला त्यांनाच पुढे बसवत राहिले. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला म्हणाल्या होत्या, "पंचशील म्हनताना चवथ्यापाशी यांचा आवाजच बसते. लोकं आपलं आपलं म्हनून घेतात." चौथं शील म्हणजे मी खोटं बोलणार नाही. झुलेभाऊ माझ्या बाकावर यायचे, बसायचे, उठून जायचे. एकदा मी न राहवून म्हटलं, "तुम्ही कुठं खोटं बोललात? जे तुम्हाला सांगितलं तेच तुम्ही सांगितलं."

"मी राहीन म्हनून सांगतलं होतं," ते म्हणाले. "ते त माह्याच हातात हाय ना?"

आणि त्यांनी वस्तीतलं घर विकून त्या मुरमात दोन खोल्या बांधल्या. मुलगा अकोल्याला नोकरीला, तो येऊन पाया पडला, रागावला, रडला. म्हणाला, माझ्याकडं चला. वहिनींचं माहेर पातूर, अकोल्याहून जवळ, त्यांची पिशवी तर भरलेलीच होती. झुलेभाऊ हलले नाहीत. "मी गेलो त सगळ्यायले समजन का इथं कोनी राहूच शकत नाही." मी त्यांना मूर्ख म्हणालो. तोंडावर म्हणालो आणि पाठीमागेही. पण राजापेठेतली उंच भिंत दिसली की मान आपोआप वर जायची आणि तिथं कोणी परकाच माणूस लटकत असायचा.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो. घराला बाहेरून रंग नव्हता, म्हणून रंगाच्या दोन बादल्या घेऊन गेलो. चहूकडे तुरीची वावरं, मध्ये ते पिवळे दगड आणि त्यांत एकटं घर. झुलेभाऊ वाळले होते. वहिनींनी चहा केला. दूध नव्हतं, काळा चहा. आम्ही ओट्यावर बसलो होतो तेवढ्यात मोटरसायकलवर एक तरुण जोडपं आलं. बाईच्या कडेवर लहान मूल.

"सावित्राबाईचा प्लॉट कोनता जी?" तरुणाने विचारलं. "इकाचा हाय म्हन्ते. त्याईनं सांगतलं, तठी आमचा भाऊ राह्यते, तो म्हनन तसं करा."

झुलेभाऊंनी बोट करून प्लॉट दाखवला. मला ठाऊक होतं, मावशींना गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं. हातगाडी ढकलणं बंद झालं होतं. प्लॉट विकल्याशिवाय ऑपरेशन होणार नव्हतं.

"चांगला हाय का?"

"चौकोन हाय," झुलेभाऊ म्हणाले.

"अन् पानी?" हे बाईने विचारलं.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. झुलेभाऊंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्या कडेवरच्या लेकराकडे.

"पानी नाही," ते म्हणाले. "बोर आटला. टँकर येते, मनात आलं त. लाइट वारा सुटला का जाते. पावसात गाडी हायवेवर ठेवून चिखलातून चालत या लागते, लेकरू घेऊन नाही जमाचं तुमाले." मग म्हणाले, "तुमी आले असते त मले शेजार झाला असता. बरं झालं असतं."

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तरुणाने हात जोडले, गाडी वळवली आणि ते गेले. 

"झालं समाधान?" वहिनी म्हणाल्या. "आता मावशीचं आपरेशन करा त्या खऱ्या बोलन्यावर."

झुलेभाऊंनी खिशातून फोन काढला, मावशींना लावला. "मावशी, मानसं आलती. म्यानंच सांगतलं, पानी नाही म्हनून. गेले ते." मग ते नुसतं ऐकत राहिले. "हो," म्हणाले. "हो मावशी." फोन खाली ठेवला आणि त्याच्याकडेच पाहत राहिले.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हने, बरं केलं बापा. दुसऱ्याचं लेकरू काहून फसवाचं? गुडघ्याचं म्हने काही नाही, चालून राह्यलं." त्यांनी तोंड वावराकडे वळवलं. "शिव्या देल्ल्या असत्या ना भाऊ तिनं, त मी आजच्या गाडीनं अकोल्याले गेलो असतो."