आईच्या खोलीतलं तापमान

इथे परदेशात, रोटोटुना भागात घर घेतलं तेव्हा दिवाणखान्यात खोली गरम ठेवणारा एक हीट पंप होता आणि झोपायच्या खोल्यांत काहीच नव्हतं. इथली थंडी सुरू होते त्या मे महिन्यात आई पुण्याहून येणार होती, म्हणून त्याआधी तिच्या खोलीत दुसरा बसवून घेतला आणि दोन्ही फोनवरून चालवता येतील अशी सोय केली. बाबा गेल्यापासून आई एकटीच राहत होती. “एक थंडी काढून बघते, जमलं तर कायमचं ठरवू,” असं ती म्हणाली होती. मी “बरं” म्हणाले होते. तिने राहावं असं मला वाटत होतं, पण ते मी तिला सांगितलं नव्हतं. एकटीसाठी तीन खोल्यांचं घर का घेतलं, हेही नाही.

बसवायला आलेला माणूस दारात बूट काढून मोज्यांवर आत आला. चहा विचारायचं वाक्य मी मनात जुळवत होते, तोवर त्याने स्वतःचा थर्मास काढला. दिवाणखान्यात आणि आईच्या खोलीत त्याने एकेक पांढरी चकती ठेवली, बशीपेक्षा लहान, वायरने भिंतीतल्या सॉकेटला जोडलेली. तिला खोलीतलं तापमान आणि दमटपणा कळतो, आणि मी फोनवरून दिलेला हुकूम ती हीट पंपाला पोचवते. अ‍ॅपला खोल्यांची नावं हवी होती. ही खोली कुणाची, असं त्याने विचारलं. आईची, म्हटल्यावर त्याने इंग्रजीत ‘मम’ लिहिलं. तो गेल्यावर मी ते खोडून ‘आई’ केलं. जाताना त्याने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला रिमोट माझ्या हातात दिला. हा आता लागणारच नाही, म्हणाला. सगळं फोनवर. स्वीट अ‍ॅज, म्हणजे इथल्या बोलीत एकदम मस्त. मी तो स्वयंपाकघरातल्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये टाकला.

मी ‘ते रापा’ नावाच्या भागात दूध पावडरच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. पावडरीत ओलावा किती, तापमान किती, हेच दिवसभर बघते. आई आल्यावर त्या आकड्यांच्या मधे मधे तिच्या खोलीचे आकडेही बघू लागले. सकाळची वंदना झाली की ती खिडकी उघडायची आणि फोनवरची तापमानाची रेघ खाली यायची. मी कारखान्यातून तिला फोन लावायचे.

“आई, खिडकी उघडी आहे का?”

“उदबत्तीचा धूर जायला नको?”

“चौदावर आलंय. आता लाव.”

“हो, मॅडम.”

एकदा दमटपणा एकदम चढला.

“खोलीत कपडे वाळत घातलेस का?”

“दोनच टॉवेल आहेत.”

“भिंतीला बुरशी येते गं इथे.”

“तुमच्या कारखान्याला आज सुट्टी आहे का?”

जूनमध्ये तिच्या खोलीची रेघ रोज दुपारी एकला तुटायला लागली. चारला परत यायची. मधे नुसतं ‘ऑफलाइन’. मला कारण कळलं असं वाटलं. आई आडवी होण्याआधी घरातली सगळी बटणं बंद करते. मिक्सर, टीव्ही, चार्जर. पुण्यातही करायची. त्यात चकतीचंही बटण जात असणार. मी त्या बटणावर चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी एकला रेघ तुटली. संध्याकाळी घरी आले तेव्हा चिकटपट्टी नीट घडी करून सॉकेटशेजारी ठेवलेली होती.

आई भाकरी थापत होती.

“ती पट्टी मी काढली,” ती आपणहून म्हणाली.

“सवयीने बंद होतं ना तुझ्याकडून?”

“सवयीने कशाला? मुद्दाम करते.” तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. “तुला तिकडून काय काय दिसतं?”

“फक्त तापमान आणि दमटपणा.”

“आणि त्यावरून?”

त्यावरून ती कधी उठली, खिडकी कधी उघडली, दार लावून किती वेळ बसली, सगळं कळत होतं.

“दुपारी मी पडते, नाहीतर बसते, नाहीतर रडते,” आई म्हणाली. “ते माझं मी बघते.”

“रडलेलं नाही दिसत गं त्यात.”

“माहितीये. पण रडत असताना तुझा फोन येतो, खिडकी लाव म्हणून.”

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती.

“आठवीत तू तुझ्या कप्प्याला कुलूप लावलं होतंस. आत काय आहे, मी एकदा तरी विचारलं?”

नव्हतं विचारलं. कप्प्यात विशेष काही नव्हतंच, पण तेही तिला कधी कळलं नाही.

“हे असंच चालणार असेल तर ऑगस्टचं परतीचं तिकीट आहेच माझं,” ती म्हणाली. रागाने नाही. भाकरी उलटता उलटता.

जेवणं झाल्यावर मी ड्रॉवरमधून रिमोट काढला, प्लास्टिक फाडलं, सेल घातले. आई चष्मा लावून बसली. मी तिला वाढवायचं बटण, कमी करायचं बटण दाखवलं. मग तिच्यासमोरच फोनमधून ‘आई’ ही खोली काढून टाकली. खात्री आहे का, असं अ‍ॅपने दोनदा विचारलं. चकती उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली, रिमोटच्या जागी.

त्यानंतरही एक वाजला की माझा हात फोनकडे जायचा. फोनवर आता दिवाणखाना तेवढा दिसायचा. एकदा संध्याकाळी आईच्या खोलीतल्या खिडकीच्या काचेवर आतून पाणी धरलेलं दिसलं. खाली ओला टीशर्ट पडला होता, म्हणजे तिने पुसायचा प्रयत्न केला होता. टॉवेलांबद्दल विचारावंसं वाटलं. ओठावर आलेलं परत गिळलं. ते वाटलं त्यापेक्षा जड गेलं.

जुलैतल्या एका शनिवारी नाश्ता करताना आई म्हणाली, “इथे राहायचं तर त्या दाराला आतून कडी पाहिजे.”

“कडी?”

“नुसतं लोटलेलं दार मला चालत नाही. आणि त्या तिकिटाचं काय करायचं ते बघ.”

मी पोह्यांकडे बघत “बरं” म्हणाले. मग वाटलं, एवढंच म्हणून चालणार नाही.

“मला तू इथे हवी आहेस,” मी म्हणाले.

“मग कडी आण,” आई म्हणाली.

ते रापाच्या हार्डवेअरच्या दुकानातून आम्ही दोघींनी पितळी कडी आणली. मी ती साध्या स्क्रूड्रायव्हरने बसवली. शेवटचा स्क्रू अर्धाच गेला.

“तिरकी बसलीये,” मी म्हणाले.

“लागते की नाही, तेवढं बघू,” म्हणत आई आत गेली आणि तिने दार लावलं. कडी सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, लगेच उघडेल. तिने उघडलं नाही. मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून पॅसेजमध्ये उभी राहिले. थोड्या वेळाने आतून हीट पंपाचा बीप ऐकू आला, पाठोपाठ आणखी एक.

कितीवर लावला, ते कळलं नाही. मी चहा टाकायला गेले.