तांबडीला कापलं कशानं

लग्नानंतरचं माझं दुसरं वर्ष होतं ते. नंदनवनच्या नव्या लेआऊटमध्ये आमचं दोन खोल्यांचं घर नुकतंच उभं राहिलं होतं. भोवतालचे बरेचसे प्लॉट मोकळेच होते, घरं कमी आणि बोरी-बाभळी जास्त. माझं माहेर भिवापूरकडचं. तिकडून येताना नॅरोगेजच्या लहान रेल्वेगाडीत मांडीवर पिशवी धरून मी एक कोवळी कोंबडी आणली होती. रंगानं वाळल्या मिरचीसारखी, म्हणून तिला आम्ही तांबडीच म्हणायचो. परसात आणखी चार-पाच कोंबड्या होत्या, पण माझी ही.

संक्रांत होऊन गेली होती. आदल्या संध्याकाळी मी हळदीकुंकवाला गेले होते, म्हणून खुराड्याचं दार सासूबाईंनी अंधारातच लावलं होतं. सकाळी मी ते उघडलं, कण्या फेकल्या. सगळ्या धावत बाहेर आल्या, तांबडी आली नाही. वाकून पाहिलं तर ती कोपऱ्यात एका पायावर उभी. डावा पंख जमिनीला टेकलेला. मी तिला उचलून घेतलं तेव्हा पंखाखालची पिसं रक्तानं चिकटून कडक झालेली हाताला लागली.

मी नणंदेला हाक मारली. ती तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. केस तसेच मोकळे टाकून ती आली, तिच्यामागे सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. कोमट पाण्यात फडकं भिजवून आम्ही रक्त सोडवलं. पंखाच्या अगदी बगलेत, खालच्या बाजूनं, बोटभर लांबीची सरळ जखम होती.

"मुंगसाचं काम होय हे," आत्याबाई म्हणाल्या.

"मुंगूस मान धरते, आत्याबाई. अन् आत शिरलं असतं तर एकीलाही ठेवलं नसतं. बाकीच्यांना तर काहीच झालं नाही."

"मंग मांजर असन."

"मांजराची नखं अशी एकच रेघ ओढत नाहीत," मी म्हणाले.

आत्याबाईंनी भिंतीपलीकडे पाहिलं. शेजारच्या काकूंच्या वाफ्यात मेथी छान वर आली होती, आणि आमच्या कोंबड्या त्यात शिरतात म्हणून दोनच दिवसांपूर्वी त्या बोलून गेल्या होत्या.

"मंग माणसाचंच काम होय. विळा फेकून मारला असन तिनं. इचारूनच येते मी तिले," असं म्हणून आत्याबाईंनी पदर खोचला.

"आई, थांब जरा," नणंद म्हणाली. ती तांबडीचा पंख उजेडाकडे धरून पाहत होती. "वहिनी, हे पाहा. पिसांच्या काड्याही कापल्या आहेत, कात्रीनं कापाव्या तशा. अन् जखम खालून आहे. विळा लागला असता तर पाठीवर लागला असता ना? हिचा पंख उघडा होता तेव्हाच हे झालं."

"म्हणजे ती उडत होती," मी म्हणाले.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. भाजी फोडणीला टाकायची होती, यांचा डबा व्हायचा होता, आणि मला त्यातलं काही सुचत नव्हतं.

"आई, तू हिला घेऊन बस. आम्ही आलोच," नणंद म्हणाली. आत्याबाई पायरीवर बसल्या, तांबडीला मांडीवर घेऊन. शेजारी जायचं तेवढ्यापुरतं तरी राहिलं.

परसाच्या मागे तारेचं कुंपण, आणि पलीकडे रिकाम्या प्लॉटवर मोठी बोर. कोंबड्या दिवसभर तिच्याखालीच असायच्या. कुंपणापाशीच मला मातीत एक तांबडं पीस दिसलं. पुढे दुसरं. आम्ही साड्या सावरत तारेखालून पलीकडे गेलो. बोरीखाली एका जागी माती पार उधळलेली होती, धडपड झाल्यासारखी, आणि तिथे पिसांचा लहानसा ढीगच होता.

"इथंच," नणंद हळूच म्हणाली, जणू कोणी ऐकेल.

आम्ही जमीन धुंडाळली. फुटकी बाटली, पत्र्याचा तुकडा, काहीतरी धारदार असणारच. काहीच नव्हतं. पाचोळा बाजूला सारला, दगड उलटले, नुसत्या मुंग्या. मी वैतागून उभी राहिले आणि केस मागे सारायला हात वर केला, तो मनगटाला चटका बसला. पाहिलं तर मनगटावर रक्ताची बारीक रेघ उमटत होती.

"हलू नका, वहिनी," नणंद म्हणाली. "तुमच्या हातापाशीच आहे."

डोळे बारीक करून पाहिलं तेव्हा दिसलं. बोरीच्या फांदीतून उतरलेला फिकट गुलाबी मांजा. काच कुटून लावलेला, उन्हात किंचित चमकणारा. संक्रांतीला सगळ्या लेआऊटभर पतंग उडत होते, त्यातलाच कुठला तरी कटून इथे अडकलेला. नणंदेनं काडीनं तो जपून ओढला. त्याला तांबडी लव चिकटलेली होती, आणि काळं पडलेलं रक्त.

मी तर टाळ्याच पिटल्या. सापडला होता चोर. नणंद मात्र मांज्याचं लोंबणारं टोक हातात धरून उभी होती.

"हा इथे तुटला आहे. मग खालचा भाग कुठं गेला?"

जमिनीवर तो नव्हता. तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तांबडी एका पायावर उभी होती ते पंख दुखतो म्हणून, असं मी धरून चालले होते. पायाकडे कोणी पाहिलंच नव्हतं. आधी पाय अडकला असणार, मग ती उडायला गेली असणार, आणि ताणलेल्या मांज्यावर पंख घासला असणार.

"पाय," मी म्हणाले, आणि आम्ही पळत सुटलो. कुंपणात माझा पदर टरकन फाटला तो मी संध्याकाळी पाहिला.

आत्याबाईंच्या मांडीवर तांबडीला जुन्या टॉवेलात गुंडाळलं, डोकं झाकलं. अंधार झाला की कोंबडी गप्प बसते. उचललेला पाय बोटांच्या वर सुजून टम्म झाला होता. गरम पाण्याच्या फडक्यानं शेकल्यावर खवल्यांच्या मध्ये गुलाबी रेघ दिसली. मांजा आत रुतला होता.

नणंदेनं कॉलेजची डिसेक्शनची पेटी आणली. चिमटा हातात घेतला आणि ती थांबली.

"वहिनी, बेशुद्ध केलेल्या बेडकाला काही कळत नसते. हिला कळते."

"तू फक्त काप. उचलून मी देते," मी म्हणाले. भरतकामाची सुई आचेवर धरून घेतली. तिच्या बोथट बाजूनं एक वेढा अलगद उचलला. बारीक कात्रीचं टोक खाली गेलं, कट्‌ असा आवाज आला. मग दुसरा वेढा. आत्याबाई टॉवेलावरून हात फिरवत होत्या. "हळू वं, हळू. झालं, माय, झालं," हे त्या आम्हाला म्हणत होत्या की कोंबडीला, कोण जाणे. शेवटचा तुकडा चिमट्यात ओला लोंबत बाहेर आला तेव्हा आम्ही तिघीही एकदम हसलो.

आवाज ऐकून शेजारच्या काकू भिंतीशी आल्या. "काय झालं हो?"

आम्ही दोघींनी आत्याबाईंकडे पाहिलं.

"मांज्यानं कापली बिचारी," आत्याबाई म्हणाल्या. "तुमच्या इकडंही पाहून घ्या. लेकरांच्या गळ्यात येईन एखाद्या वेळी."

काकू आत गेल्या आणि जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेऊन आल्या. त्याचीच पट्टी करून, खोबरेल तेलात हळद कालवून लावली आणि पंख अंगाशी बांधला. त्या दुपारी काकू, नणंद आणि मी काठी घेऊन सगळा मागचा प्लॉट फिरलो. ही भली मोठी गुंडाळी निघाली मांज्याची. ती चुलीत घातली.

तांबडीला स्वयंपाकघरात बांबूच्या डालग्याखाली ठेवलं, कारण रक्त दिसलं की दुसऱ्या कोंबड्या तिथेच चोची मारतात. सुरुवातीला ती दाण्याला तोंड लावेना. मी ताकात भिजवलेली भाकरी बोटानं चोचीपाशी धरायची. एका सकाळी तिनं बोटच टोचलं, तेव्हा मला काय आनंद झाला. जखम कोरडी पडत गेली. पायाचं मधलं बोट मात्र काळं पडलं आणि वाळून गळालं. आम्ही घाबरलो होतो, पण वरचा पाय गरम आणि पिवळा राहिला.

पट्टी सोडली तरी पंख लोंबायचाच. हा असाच राहणार, असं यांनी सांगून टाकलं होतं. मग एक दिवस झाडायला म्हणून मी डालगं उचललं, तर तांबडी लंगडत, पण दोन्ही पाय टेकत उंबऱ्यावर गेली, अंगणात उतरली, उन्हात उभी राहिली, आणि मान ताणून तिनं दोन्ही पंख फडाफडा झटकले. धूळ उडाली.

"आई, दोन्ही उघडले. दोन्ही!" नणंद वह्या हातात घेऊन फाटकातून परत धावत आली. आत्याबाई पिठाच्या हातांनी आल्या, हे गालाला साबण लावलेले तसेच बाहेर आले. नणंदेची बस गेली. ती दिवसभर घरीच राहिली.

तांबडीनं पुढे पुष्कळ अंडी घातली, पिल्लंही काढली. अंगणातल्या मातीत तिची पावलं लगेच ओळखू यायची. एका पायाची पुढची बोटं दोनच. सकाळी अंगण झाडताना मी ती पावलं थोडा वेळ तशीच राहू द्यायची.