नुसत्या स्क्रूतून आलेला आवाज

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कोणी मला लिंबू-मिरचीचे उपाय सुचवायला नको. भूत, भानामती, देवऋषी... यातलं मी काहीही मानत नव्हते आणि आजही मानत नाही. जे झालं तेवढंच लिहिते. पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या.

मी हुपरीची सून. आमच्या घरातच पुढच्या खोलीत चांदीकाम चालतं, मी पैंजणांना घुंगरू जोडते. लहानपणी माझे दोन्ही कान सतत वाहायचे. दोन ऑपरेशनं झाली आणि ऐकू येणं जवळजवळ गेलं. समोरचा ओरडून बोलला आणि मी ओठांकडे बघत राहिले तर काम भागतं. कानात घालायचं साधं मशीन घातलं की कान पुन्हा वाहतो, त्यामुळे तेही बंद.

माझी मुलगी अन्वी पाच वर्षांची. तिचं वेगळं आहे. जन्मापासून दोन्ही कानांच्या जागी शेंगदाण्याएवढ्या गाठी, भोकच नाही. आतलं सगळं शाबूत. डोक्याला पट्टा बांधून त्यावर मशीन लावलं की आवाज हाडातून आत जातो आणि तिला छान ऐकू येतं. पण पट्टा शाळेत निसटतो, पोरं ओढतात, मग अन्वी तासभर नुसती बसून राहते.

माझे वाहते कान आणि तिचे बंद कान यांचा काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण घरी कोण ऐकतंय! "आई भैरी म्हणून पोरगी भैरी. तुझ्याकडनंच आलंय ह्ये," असं आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, पाच वर्षं म्हणत आल्या. तेही माझ्या समोर. मी ओठ वाचते हे त्या सोयीनं विसरायच्या. मला राग यायचा, आणि खरं सांगते, रात्री अन्वीच्या डोक्यावरून हात फिरवताना वाटायचंसुद्धा... खरंच माझ्यामुळे असेल का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी इम्प्लांटचा मार्ग काढला. कानामागच्या हाडात छोटा स्क्रू बसवायचा, त्यावर बाहेरून मशीन. दोघींनाही चालणार होतं. घरचे घाबरत होते म्हणून मी म्हटलं, आधी माझं करा. मी जिवंत राहिले की अन्वीचं करू.

तर माझं झालं. पण स्क्रू हाडात पक्का बसेपर्यंत मशीन देत नाहीत, तीन महिने थांबावं लागतं. म्हणजे तेव्हा माझ्या डोक्यात नुसता स्क्रू होता. ना बॅटरी, ना माईक. हे नीट लक्षात घ्या.

दुसरा महिना संपत आला होता. दुपारचे चार वाजले असतील. मी एकटीच कामाला बसले होते, आणि उजव्या बाजूला, अगदी हाडात, आवाज आला. टक-टक... मग जरा थांबून, टक. लाकडावर हातोडीचा दांडा आपटावा तसा. इतका स्वच्छ आवाज मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. मी आधी कामाच्या पाटावर हात ठेवला. ऐकू न येणारी माणसं हातानं खात्री करतात. पाट गप्प. भिंत गप्प. आवाज चालूच.

दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आता म्हणाल, बहिऱ्यांच्या कानात आवाज होतातच. होतात की! मला वीस वर्षं होतात. ते शिट्टीसारखे असतात, घड्याळ बघून येत नाहीत.

चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. कोणी तरी थट्टा करतंय असंच मला वाटलं. उठले, स्वयंपाकघरात गेले. मामा, म्हणजे माझे सासरे, बशीत चहा ओतून पीत होते, आत्ती शेजारी, अन्वी त्यांच्या मांडीवर. मी चमचा उचलला आणि ताटलीवर वाजवून दाखवलं. टक-टक... टक. "रोज चारला ह्ये कोण वाजवतंय? मला सांगा!"

मामांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे तोंड करून ओरडले, "तुला ह्ये कुणी सांगितलं?"

"कुणी काय सांगितलं?"

त्यांनी पुढच्या खोलीकडे बघितलं. मग म्हणाले, "आक्का असं वाजवायची. च्या पायजे असला की."

मला कसली आक्का, कुठली आक्का, काही माहीत नव्हतं. लग्नाला नऊ वर्षं झाली, घरात एक फोटो नाही. ती मामांची थोरली बहीण, लग्न न झालेली, हे तेव्हा कळलं. जन्मभर त्या पुढच्या खोलीत चांदीकाम करत बसली आणि माझा नवरा रांगत होता तेव्हा वारली. पाहुणे आले की तिला मागं पाठवायचे, भावंडांच्या सोयरिकी मोडतील म्हणून. गल्लीतल्या बायकांना माहीत असणार. पण त्या कुजबुजल्या असतील तरी मला कुठलं ऐकू येणार!

"तिचं कान कसं हुतं?" मी विचारलं.

मामांनी अन्वीकडे बोट केलं. "अस्संच. बोलता बी येत नव्हतं."

मी आत्तींकडे बघितलं. त्या पदराशी चाळा करत होत्या. त्यांनाही ठाऊक होतं! पाच वर्षं!

त्या संध्याकाळी घरात जे रणकंदन झालं ते सगळं लिहीत नाही. आत्तींचं एकच, "त्यो स्क्रू काढून टाक. तिला जागं केलंस तू. पोरीच्या डोस्क्यात तर घालायचाच न्हाय." मामाही तेच म्हणाले, आणि त्यांच्या शब्दाबाहेर माझा नवरा जात नाही.

मी म्हटलं, "आक्काला कपभर च्यासाठी पाट बडवावा लागायचा. माझ्या पोरीनं काय बडवायचं? भूत असंल तर असू दे. आपल्याच घरची बाई हाय, मी न्हाय भीत तिला. तुम्ही भ्या, तुम्ही लपवलंय. अन्वीचं ऑपरेशन हुणार, तुम्ही आला तर तुमच्यासंगट, न्हाय तर मी एकटी."

मामा उठून गेले. त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आवाज मात्र रोज चारला येत राहिला, आणि मी रोज घुंगरू जोडत बसून राहिले. उठले नाही.

मशीन बसवायच्या दिवशी मी आणि अन्वी कोल्हापूरच्या एसटीत चढलो, तर मामा आधीच येऊन खिडकीपाशी बसलेले. त्यांनी अन्वीला खिडकीशी घेतलं.

डॉक्टरांनी माझ्या स्क्रूवर मशीन लावलं. पंख्याची घरघर, खालच्या रिक्षांचे हॉर्न, माझा स्वतःचा श्वास... मी रडले. मग तो आवाज त्यांना सांगितला. ते म्हणाले, नुसत्या स्क्रूतून असं ऐकू येणं शक्य नाही. मी म्हटलं, माहीत आहे. मशीन लागल्यापासून तो आवाज एकदाही आलेला नाही. याचं उत्तर डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडेही नाही, आणि तुमच्यापैकी कोणाकडे असेल असं मला वाटत नाही.

मग डॉक्टर अन्वीची फाइल घेऊन बसले. मी खाली वाकून तिचा पट्टा बांधत होते, सगळ्यांकडे माझी पाठ होती. त्यांनी विचारलं, "मुलीसारखे कान घरात आणखी कोणाचे होते?"

"माझ्या भनीचं," मागून मामा म्हणाले, अगदी हळू. "कमळ नाव हुतं तिचं. लिवा."

नऊ वर्षांत त्यांचं बोलणं मी पहिल्यांदाच ओठांकडे न बघता ऐकलं.